ब्लॅकपूल : सहा पेन्सांत सबंध दिवस

मागच्या अंकात इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल या कामगारवर्गाच्या सुट्टीच्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं प्रश्नोत्तरांचं सदर सगळं त्याच गावाला द्यायचं ठरवलं. मला त्याचा आनंदच आहे. माझी नोकरी लँकेशायरमध्ये, प्रेस्टनच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात झाली. स्थानिक इतिहासाची कपाटं माझ्याकडे होती, आणि लोक सर्वांत जास्त मागायला यायचे ते ब्लॅकपूलचे कागद : नाचाच्या कार्यक्रमपत्रिका, जुनी तिकिटं, हंगामाच्या जाहिराती. तिथल्या माणसांना त्या गावाविषयी काय वाटतं हे मी त्या टेबलापलीकडून खूप ऐकलं आहे.

प्रश्न : ब्लॅकपूलचा मनोरा ही आयफेल टॉवरची नक्कल आहे असं वाचलं. मग आयफेलसारखे त्याचे पाय का दिसत नाहीत? खाली विटांची एवढी मोठी इमारत कशाला?

नक्कल आहे, आणि ती कुणी लपवलीही नाही. 1889 साली पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला. तो पाहून जॉन बिकरस्टाफ या ब्लॅकपूलच्या महापौरांनी आपल्या गावातही असा मनोरा हवा असा ध्यास घेतला. ते स्वतः हॉटेलवाले. त्यांनी पदरचे पैसे घातले, कंपनीचे अध्यक्ष झाले. 1891 मध्ये पायाचा दगड बसला आणि 14 मे 1894 रोजी मनोरा लोकांसाठी खुला झाला. उंची 518 फूट, म्हणजे आयफेलच्या तेव्हाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त. मॅक्सवेल आणि ट्यूक या दोन वास्तुशिल्पकारांनी तो आखला. काम पुरं व्हायच्या आधीच दोघंही वारले, त्यांना तो पाहायला मिळाला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा महत्त्वाचा आहे. पाय दिसत नाहीत, कारण कमाई पायांशी होती. त्या जागेवर 1875 पासून डॉ. कॉकर यांचं मत्स्यालय, पक्षिगृह आणि प्राणिसंग्रह होता. मनोरा बांधायला घेतला तरी मत्स्यालय बंद केलं नाही. वर लोखंड चढत होतं आणि खाली लोक पैसे देऊन मासे बघत होते. मनोऱ्याच्या चार पायांच्या मधल्या चौकोनात सर्कस बसवली. तिचं रिंगण खाली उतरतं आणि त्यात 42,000 गॅलन पाणी भरतं, मग त्याच जागी जलक्रीडेचा प्रयोग होतो. शेजारी नाचाचं सभागृह, वर छतावरची बाग, खाण्यापिण्याची दालनं. हे सगळं पोटात घेणाऱ्या इमारतीला पन्नास लाख विटा लागल्या.

आता तिकिटाचा हिशोब बघा. आत यायला सहा पेन्स. लिफ्टनं माथ्यावर जायचं तर आणखी सहा. सर्कस पाहायची तर आणखी सहा. तेव्हा बारा पेन्सांचा एक शिलिंग व्हायचा आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे अर्ध्या शिलिंगात माणूस आत येऊन दिवसभर राहू शकत होता. आयरिश समुद्रावरचा पाऊस जुलैतही सांगून येत नाही. शिवाय ज्या खोल्यांत सुट्टीला आलेली मंडळी उतरायची, तिथल्या घरमालकिणी न्याहारी झाली की पाहुण्यांना बाहेर काढायच्या ते थेट जेवणाच्या वेळेला घरात घ्यायच्या. पोरंबाळं घेऊन ओल्या कपड्यांनी दिवस कुठे काढायचा? या प्रश्नाला त्या विटांच्या इमारतीनं सहा पेन्सांत उत्तर दिलं. वरचा लोखंडी मनोरा ही त्या इमारतीची मैलोन् मैल दिसणारी जाहिरात. आगगाडीतली मुलं तो आधी कुणाला दिसतो यावर पैजा लावत.

याचा पुरावा हवा असेल तर मर्सी नदीच्या मुखावरचं न्यू ब्रायटन पाहा. मॅक्सवेल आणि ट्यूक यांच्याच कार्यालयानं तिथला मनोरा आखला, तो ब्लॅकपूलपेक्षाही उंच, 567 फूट. पहिल्या महायुद्धात त्याची देखभाल थांबली, गंज चढला आणि 1919 ते 1921 च्या दरम्यान लोखंड उतरवून भंगारात घातलं. खालची नाचाची इमारत मात्र पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली, शेवटी 1969 मध्ये ती आगीत गेली. ब्लॅकपूलच्या मनोऱ्यालाही पहिल्या तीस वर्षांत नीट रंग न लावल्यामुळे गंज चढला होता. तिथल्या कंपनीनं 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सगळं पोलाद टप्प्याटप्प्यानं बदलून घेतलं. खालच्या इमारतीत गर्दी होती म्हणून वरचं लोखंड बदलायला पैसे होते.

प्रश्न : कामगारवर्गाचं गाव म्हणता, पण गिरणीतल्या माणसाला आठवडाभर सुट्टी आणि वर करमणुकीला पैसा मिळायचा कुठून?

सुट्टी असायची, पण तिचा पगार नसायचा. लँकेशायरच्या सूतगिरण्यांच्या गावांत ‘वेक्स वीक’ नावाची पद्धत होती. वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद. बोल्टनचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा, ओल्डमचा वेगळा. त्यामुळे उन्हाळाभर ब्लॅकपूलला दर शनिवारी एक गाव रिकामं व्हायचं आणि दुसरं भरायचं. रेल्वे 1846 मध्ये आली होती, तिनंच हे शक्य केलं. पगारी सुट्टीचा कायदा झाला तो थेट 1938 मध्ये. त्याआधी लोक वर्षभर गिरणीतल्या, चर्चमधल्या, नाहीतर गुत्त्यातल्या बचत मंडळात दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे काढून घ्यायचे. सबंध गल्ली एकाच घरात उतरायची. खाण्याचं सामान ज्याचं त्यानं बाजारातून आणायचं, घरमालकीण ते शिजवून द्यायची.

ग्रंथालयात बर्नलीच्या एक आजी यायच्या, तरुणपणी मागावर काम केलेल्या. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, त्या आजींची ती सवय म्हातारपणीही गेली नव्हती. मी एकदा त्यांना टॉवर बॉलरूमची, म्हणजे मनोऱ्यातल्या नाचाच्या सभागृहाची, जुनी कार्यक्रमपत्रिका काढून दिली. त्या म्हणाल्या, “वर्षाचे एक्कावन्न आठवडे आम्ही कुणाची तरी माणसं होतो. तो एक आठवडा आम्ही आमचे होतो.” स्वस्त करमणुकीबद्दल नाकं मुरडणारे लेख वाचते तेव्हा मला हे वाक्य आठवतं आणि राग येतो. हे सगळं अशा बायकांच्या बचतीवर उभं राहिलं आहे.

गावानं या गिऱ्हाइकाला शोधूनही आणलं. 1879 च्या एका कायद्यानं ब्लॅकपूलच्या नगरपालिकेला जाहिरातीसाठी घरपट्टीत पौंडामागे दोन पेन्स लावायची मुभा मिळाली. अशी मुभा तेव्हा इतर गावांना नव्हती. त्याच वर्षी किनाऱ्यावर विजेचे आठ आर्क दिवे लावले आणि ते बघायलाच झुंबड उडाली. 1885 मध्ये किनाऱ्यावरून विजेची ट्राम सुरू झाली, ब्रिटनमधल्या रस्त्यांवरची पहिली. वीजवाहिनी रुळांमधल्या फटीत असायची, तिच्यात वाळू आणि खारं पाणी शिरायचं, म्हणून 1899 मध्ये तारा वर घेतल्या. तीच ट्राम आजही चालते.

प्रश्न : एका गावात तीन पियर कशाला लागतात?

पियर म्हणजे समुद्रात आत जाणारा, लोखंडी खांबांवरचा फिरायचा लाकडी पूल. पहिला, नॉर्थ पियर, 1863 मध्ये युजिनियस बर्च यांनी बांधला. त्यावर चढायला पैसे पडायचे आणि वर फक्त फेरफटका, वाद्यवृंद आणि समुद्राची हवा. एका दिवसासाठी आगगाडीनं येणारे कामगारही पैसे भरून तिथे यायला लागले आणि सुखवस्तू मंडळींना ते खपेना. तिथे दर वाढवून त्यांना दूर ठेवायचा प्रयत्न झाला. मग 1868 मध्ये दुसरा, आजचा सेंट्रल पियर, झाला. तो सुरुवातीला रखडला. रॉबर्ट बिकरस्टाफ यांनी तिथे स्वस्त बोटफेऱ्या आणि उघड्यावर नाच सुरू केला आणि पियर भरून गेला. लोक त्याला ‘जनतेचा पियर’ म्हणू लागले. तिसरा 1893 मध्ये दक्षिणेला झाला, पुन्हा शांतता हवी असणाऱ्यांसाठी. तिन्ही अजून उभे आहेत.

प्रश्न : विंटर गार्डन्स आणि टॉवर यांच्यात स्पर्धा होती का? आणि तिथे एक प्रचंड चक्र होतं म्हणतात, त्याचं काय झालं?

स्पर्धा होती आणि तीच गावाला फळली. विंटर गार्डन्स 1878 मध्ये उघडलं तेव्हा काचेच्या छताखाली कुंड्या, ताडाची झाडं, फिरायला सज्जे आणि अभिरुचीसंपन्न संगीत असा थाट होता. तो चालेना. 1887 मध्ये बिल हॉलंड हे लंडनच्या संगीतगृहांतून तयार झालेले व्यवस्थापक तिथे आले. त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. त्यांनी शंभर गिनींचा गालिचा घेतला. कुणीतरी म्हणालं, हे गिरणीवाले त्यावर थुंकतील. हॉलंडनी जाहिरातच केली : या आणि बिल हॉलंडच्या शंभर गिनींच्या गालिच्यावर थुंका. लोक गालिचा बघायला लोटले. गोष्टीला थोडं मीठमसाला लागलेला असेल, पण तिच्यातला माणूस मला आवडतो. कामगार आहेत म्हणून त्यांना हलक्या वस्तू द्यायच्या, हे त्याला मान्य नव्हतं. 1889 चं ऑपेरा हाऊस त्यांच्याच काळातलं, ते फ्रँक मॅचम यांनी आखलं.

टॉवर उघडल्यावर विंटर गार्डन्सनं 1896 मध्ये दोन उत्तरं दिली. एक एम्प्रेस बॉलरूम. दुसरं तुम्ही विचारलेलं चक्र : 220 फूट उंच, तीस डबे, दर डब्यात तीस माणसं बसतील एवढी जागा. चक्र फार हळू फिरायचं, लोकांना एकदा बसलं की पुरे व्हायचं. 1928 मध्ये ते मोडलं आणि डबे लिलावात गेले.

बॉलरूमचं उत्तर मात्र जोरदार बसलं. एम्प्रेस बॉलरूम इतकी मोठी आणि देखणी होती की टॉवर कंपनीनं फ्रँक मॅचम यांनाच बोलावून 1899 मध्ये आपलं नवं नृत्यगृह उभं केलं. आज आपण बघतो ती टॉवर बॉलरूम ही. महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या 30,602 ठोकळ्यांची जमीन, रंगवलेलं छत, सोनेरी सज्जे, रंगमंचाच्या वर शेक्सपिअरची ओळ. हे राजवाड्याचं वैभव राजवाड्यात कधी पाऊल न ठेवणाऱ्यांसाठी केलं होतं. नियम कडक होते. पुरुषांनी बाईच्या जोडीशिवाय नाचायचं नाही, गैरवर्तन केलं तर तडक बाहेर. बायकांनी बायकांबरोबर नाचायला मात्र आडकाठी नव्हती. बर्नलीच्या आजी मैत्रिणीबरोबरच नाचायच्या, “तिला पावलं नीट यायची,” म्हणून.

याच चढाओढीत एकाचा बळी गेला. 1899 मध्येच टॉवरला लागून अल्हाम्ब्रा नावाचं तिसरं करमणूकगृह झालं : नाटकगृह, नृत्यगृह, सर्कस, सगळं होतं. चारच वर्षांत टॉवर कंपनीनं ते विकत घेतलं. पुढे ‘पॅलेस’ या नावानं ते चाललं आणि 1961 मध्ये पाडून त्या जागी मोठं दुकान बांधलं. ग्रंथालयातल्या छायाचित्रांत त्याचं दर्शनी तोंड मी पाहिलं आहे. ते पाडायला नको होतं.

प्रश्न : ‘गोल्डन माईल’वर जिवंत माणसांचं प्रदर्शन मांडत असत हे खरं आहे का? हे वाचून मन विटलं.

खरं आहे, आणि विटणं रास्तच आहे.

आधी जागेबद्दल. पूर्वी हे सगळं वाळूवर चालायचं : हात बघणारे, डोक्याची टेंगळं चाचपून स्वभाव सांगणारे, भोंदू वैद्य, लिलाववाले. 1897 मध्ये नगरपालिकेनं त्यांना वाळूवरून हुसकावलं. त्यांनी रस्ता ओलांडला आणि समोरच्या घरांची अंगणं भाड्यानं घेतली. घरमालकांना आयतं उत्पन्न मिळालं आणि तिथेच ‘गोल्डन माईल’ तयार झाला. गाव आपल्या दारातून ज्याला हाकलतं तो शेजारच्या दारात दुकान मांडतो, हे तिथे पुन्हा पुन्हा घडलं.

1930 च्या दशकात ल्यूक गॅनन हा तिथला मोठा खेळवाला. नॉरफोकमधल्या स्टिफकी गावचे पाद्री हॅरल्ड डेव्हिडसन यांना 1932 मध्ये अनैतिक वर्तनाच्या आरोपावरून चर्चनं पदावरून काढलं. आपण निर्दोष आहोत असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. अपिलासाठी पैसे हवेत म्हणून ते गॅननच्या खेळात एका पिंपात बसले आणि लोक पैसे देऊन त्यांना पाहायला रांगा लावू लागले. 1937 मध्ये स्केगनेस या दुसऱ्या किनारी गावात सिंहाच्या पिंजऱ्यात खेळ करताना सिंहानं त्यांच्यावर हल्ला केला आणि ते मेले. याखेरीज शारीरिक व्यंग असलेली माणसं, उपाशी राहून दाखवणारी जोडपी असे खेळ होते. जेकब एपस्टाइन यांची शिल्पंसुद्धा तिथे नवलाईच्या वस्तू म्हणून पैसे घेऊन दाखवली गेली. त्यांतलं ‘जेकब अँड द एंजल’ आता लंडनच्या टेट संग्रहालयाचं आहे.

मी या खेळांची बाजू घेणार नाही. पण पाहणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होणंही मला पटत नाही. 1937 मध्ये मास ऑब्झर्व्हेशन या अभ्यासगटाची माणसं बोल्टनच्या कामगारांच्या मागोमाग ब्लॅकपूलला आली आणि त्यांनी लोक काय बघतात, काय बोलतात, किती वेळ थांबतात हे टिपून ठेवलं. लोक आत काय आहे यापेक्षा दारावरच्या माणसाचं बोलणं ऐकायलाच जास्त वेळ उभे राहतात, असं त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. दोष मांडणाऱ्यांचा जास्त होता असं माझं मत आहे.

प्रश्न : ‘प्लेझर बीच’ या करमणुकीच्या बागेतले जुने पाळणे अजून चालतात का?

काही चालतात. 1904 चं ‘फ्लाइंग मशीन’ सर्वांत जुनं. ते हायरम मॅक्सिम यांनी केलं, मशीनगन शोधणारे तेच मॅक्सिम. त्यांना विमान बनवायचं होतं आणि त्या प्रयोगांना पैसा हवा होता, म्हणून त्यांनी फिरत्या खांबाला टांगलेल्या होड्यांचा हा पाळणा तयार केला. विमान बाजूला राहिलं, पाळणा शंभर वर्षांहून जास्त फिरतो आहे.

प्लेझर बीच 1896 पासूनचं. जॉन औथवेट आणि अमेरिका पाहून आलेले विल्यम जॉर्ज बीन या दोघांनी दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर ते वसवलं. तिथे आधीपासून जिप्सी कुटुंबं तंबू ठोकून राहात आणि भविष्य सांगून पोट भरत. करमणुकीचा धंदा त्या वाळूवर प्रथम त्यांनी आणला आणि 1910 पर्यंत त्यांनाच तिथून उठवण्यात आलं. बागेच्या गौरवगाथांत हे ओझरतं येतं, म्हणून मी मुद्दाम सांगते आहे. मोठ्या माणसांना पुन्हा मूल झाल्यासारखं वाटलं पाहिजे, हे बीन यांचं धोरण. 1923 ची ‘बिग डिपर’ आणि 1935 ची ‘ग्रँड नॅशनल’ या लाकडी रोलर कोस्टर अजून आहेत. ‘ग्रँड नॅशनल’मध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी शर्यत लावतात, पण रूळ मुळात एकच, पीळ दिलेला. त्यामुळे डावीकडून सुटलेली गाडी उजवीकडे येऊन थांबते. लाकडी घोड्यांवर बसल्यासारखे हादरे बसतात, पाठीचं दुखणं असेल तर बसू नका. 1994 ची ‘बिग वन’ समुद्रसपाटीपासून 235 फुटांवर जाते, सुरू झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच होती.

प्रश्न : मे महिन्यात मँचेस्टरला मुलीकडे जातो आहोत. एकच दिवस मिळेल. काय बघावं? आणि गाव आता अगदी बकाल झालं आहे, हे खरं का?

गरिबी आहे, ती गाडीतून उतरल्याबरोबर दिसते. गिरण्या बंद पडल्या, स्पेनच्या स्वस्त सहली सुरू झाल्या, 1964 मध्ये ऐन किनाऱ्यावरचं सेंट्रल स्टेशनही बंद केलं. 2007 मध्ये सरकार एक प्रचंड कसिनो देणार म्हणून गाव आशा लावून बसलं होतं, शिफारस मँचेस्टरच्या नावाची झाली आणि पुढच्या वर्षी ती योजनाच रद्द झाली. 2010 मध्ये टॉवर आणि विंटर गार्डन्स दोन्ही नगरपालिकेनं विकत घेतले. मला तो निर्णय योग्य वाटतो, या वास्तू गावाच्याच असायला हव्यात.

एक दिवस असेल तर सकाळी नॉर्थ पियरवर जा, तिथून उत्तरेला ट्रामनं थोडं फिरून या. ‘शोटाऊन’ हे करमणुकीच्या इतिहासाचं संग्रहालय मार्च 2024 मध्ये मनोऱ्याजवळ उघडलं आहे, तिथे तासभर द्या. दुपार टॉवर बॉलरूमसाठी राखून ठेवा. डिसेंबर 1956 मध्ये ती आगीत जळाली होती. काहीतरी आधुनिक बांधण्याऐवजी त्यांनी जुन्या नक्षीबरहुकूम ती पुन्हा केली आणि 1958 मध्ये उघडली. रेजिनल्ड डिक्सन यांनी 1930 पासून 1970 पर्यंत जिथे वुर्लिट्झर ऑर्गन वाजवला, तिथेच तो आजही वाजतो आणि जोडपी नाचतात, बरीचशी सत्तरीच्या पुढची. खाली चहा मिळतो. पण चहा घेण्याआधी वरच्या सज्जात जा, तिथून जमिनीवरची नक्षी पूर्ण दिसते. जाण्याआधी त्या दिवशी बॉलरूम खुली आहे ना ते बघून घ्या, खासगी कार्यक्रमांसाठी ती अधूनमधून बंद असते. आणि मुलीला सांगा, रेनकोट सगळ्यांचे घे.